ओवी, पडदा आणि पुतळा : गोव्यातील ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे सादरीकरण, पेडण्यातून पाहताना

जर्मनीतल्या ओबेरामरगाव या गावात दर दहा वर्षांनी अख्खा गाव मिळून ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसांचं नाटक करतो. 1633 साली प्लेगच्या साथीत गावाने नवस केला आणि 1634 साली पहिला प्रयोग झाला. याला इंग्रजीत पॅशन प्ले म्हणतात. मराठी ख्रिस्ती मंडळी 'दुःखसहन' हा शब्द वापरतात, आणि तो मला जास्त नेमका वाटतो. साडेचारशे वर्षं पोर्तुगीज राजवट पाहिलेल्या गोव्यात असं एखादं जुनं गावनाटक असणारच, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या मंडळाकडेही हा प्रश्न वरचेवर येतो : गोव्यातलं असं नाटक कुठल्या गावात पाहायला मिळेल?

माझं उत्तर असं की पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी वेष घालून केलेलं, गावाच्या मालकीचं असं दुःखसहनाचं नाटक ही गोव्याची मुख्य परंपरा नाही. गोव्याने हे काम दोन गोष्टींवर सोपवलं : एक आवाज, दुसरा लाकडी पुतळा. आवाजाचा पहिला मोठा भाग मराठीत होता. हा मराठी आवाज चर्चमधून कसा आला, कसा गेला आणि त्याच्या जागी काय उभं राहिलं, ते या लेखात सांगायचं आहे. हाच साचा गोव्याच्या एका पाद्र्याच्या हातून समुद्रापार गेला आणि तिथे त्याचं नाटक झालं, त्याकडेही शेवटी येतो.

मोपा-पेडण्यातून हा विषय जरा वेगळा दिसतो. आमच्याकडे नाटक म्हटलं की दशावतार. कार्तिकानंतर जत्रा लागल्या की देवळापुढे रात्रभर दहीकाला. सूत्रधार येतो, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, संकासुर धिंगाणा घालतो आणि मग आख्यान. इथे माणूसच देव होतो. मुकुट चढवून रंगपटातून बाहेर आलेल्या गावच्या पोराला म्हातारी माणसं हात जोडतात, आणि सकाळी तोच पोरगा शेतावर दिसतो. यात कोणाला अडचण वाटत नाही. चर्चमध्ये मात्र ख्रिस्त माणूस होत नाही. तो लाकडाचा असतो, खांद्यावरून नेला जातो, दोरीने खाली उतरवला जातो. हा फरक लक्षात घेतला की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

आणखी एक फरक काळाचा आहे. तिसवाडी, बारदेस, सासष्टी या जुन्या काबिजादी. तिथे 16व्या शतकातच धर्मांतरं झाली, इगर्जी उभ्या राहिल्या. पेडणे पोर्तुगिजांकडे आलं ते 1788 साली, सावंतवाडीच्या भोसल्यांकडून. डिचोली त्याच्या थोडी आधी, 1781 साली. तोवर येसूसंघाचे पाद्री गोव्यातून हाकलले जाऊन जवळजवळ तीस वर्षं झाली होती (1759). सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता, देवळं राहिली, जत्रा राहिल्या. पेडणे शहरात, हरमल-मांद्र्याच्या बाजूला ख्रिस्ती वस्ती आहे, पण जुन्या काबिजादींतल्या इगर्जींचा शे-दोनशे वर्षांचा कोंफ्राद, मेस्त आणि मानपान यांचा पसारा तिथे तयार व्हायला वेळच मिळाला नाही. म्हणून या विषयासाठी पेडणेकराला कोलवाळचा पूल ओलांडावाच लागतो.

आता ओवीकडे.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडच्या विल्टशरमधला माणूस. 1579च्या ऑक्टोबरात तो गोव्यात उतरला आणि 1619 साली इथेच वारला. चाळीस वर्षांतली बहुतेक त्याने सासष्टीत काढली. त्याने लिहिलेलं पुराण 1616 साली राशोलला छापलं गेलं. पुढे 1649 आणि 1654 साली पुन्हा छापलं गेलं. आपण त्याला 'क्रिस्तपुराण' म्हणतो. दोन भाग, सुमारे 11,000 ओव्या. पहिलं पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या काळापर्यंत, दुसरं ख्रिस्ताच्या जन्मापासून पुढे. अध्यायाला तो 'अवस्वरू' म्हणतो : पहिल्यात 36, दुसऱ्यात 59. बागेतली ती रात्र, जुदासचा दगा, पिलाताचा न्याय, क्रूस, आईचा शोक हे सगळं दुसऱ्या पुराणात येतं.

हे पुराण का लिहिलं, याचं कारण ग्रंथातच कथेच्या रूपाने दिलेलं आहे. पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असताना एक ब्राह्मण त्याला म्हणतो की प्रश्नोत्तरांचं हे शिक्षण ठीक आहे, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वेळ घालवायला, मन रमवायला काहीतरी द्या. ही मागणी मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटते. 1567 साली सासष्टीतली देवळं मोडली गेली. पोथ्या जप्त झाल्या. त्यातल्या काही पाद्र्यांनी रोमन लिपीत उतरवून घेतल्या आणि त्या आज पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत, रामायण-महाभारतातल्या कथा, काही कोंकणी गद्यात, काही मराठी ओवीत. ज्यांनी पुराणं बंद केली त्यांनीच ती शिकून घेतली आणि त्याच साच्यात नवं पुराण ओतलं. क्रिस्तपुराणाचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवू नये, आणि ही बाजू सांगताना ग्रंथाची गोडी नाकारू नये, असं माझं मत. दोन्ही एकदमच खरं आहे.

भाषेबद्दल गोव्यात वाद निघतोच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. स्टीफन्सने दोन्ही भाषांत काम केलं. त्याचं कोंकणी व्याकरण 1640 साली, त्याच्या मृत्यूनंतर, राशोललाच छापलं गेलं. प्रश्नोत्तरांचं धर्मशिक्षणाचं पुस्तक 1622 साली, तेही कोंकणीत. पुराण मात्र त्याने मराठीत रचलं. प्रस्तावनेत तो कारण सांगतो : देवाधर्माच्या विषयाला इथल्या भाषांत मराठी योग्य वाटली. पण शुद्ध मराठीतले पुष्कळसे शब्द लोकांना कळायचे नाहीत, म्हणून जुन्या कवींची अवघड बोली सोडून इथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले. म्हणजे घरात कोंकणी, पोथीत मराठी, आणि पोथीच्या मराठीला घरच्या कोंकणीचा वास. पेडण्यात आजही घरात बोलतो एक आणि आरती, भजन, दशावतार दुसऱ्यात. आपल्याला यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

लिपीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. ग्रंथ छापला गेला रोमन लिपीत. स्टीफन्सची इच्छा वेगळी होती. 1608 साली रोमला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या लिपीचे खिळे पाडायची परवानगी मागितली होती, आणि जोडाक्षरं धरून खिळ्यांची संख्या सहाशेच्या घरात जाते ही अडचणही नोंदवली होती. ते काही झालं नाही. देवनागरी छपाई त्या काळी गोव्यात उभी राहिली असती तर मराठी छपाईचा इतिहास दोनशे वर्षांनी आधी सुरू झाला असता, असा विचार मनात येतो. असो.

हे पुराण रविवारी आणि सणाच्या दिवशी इगर्जीत वाचलं जाई. आता दुःखसहनाच्या दृष्टीने बघा. कॅथलिक उपासनेत शुभ शुक्रवारी योहानाच्या शुभवर्तमानातली हकीकत मोठ्याने गायली जाते, तीही तीन आवाजांत वाटून : एक निवेदक, एक ख्रिस्ताचे शब्द म्हणणारा, एक पिलात, पेत्र आणि जमाव या सगळ्यांचा. हे चर्चमधलं सर्वांत जुनं 'नाटक', वेष नाही, हालचाल नाही, फक्त आवाज. ते तेव्हा लॅटिनमध्ये चाले. सासष्टीतल्या शेतकऱ्याला त्यातलं काय कळणार? त्याला ती गोष्ट कळली ती ओवीतून. तीन चरण यमकात बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. त्या चौथ्या चरणावर वाचणारा थांबतो, ऐकणारा श्वास घेतो. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत ऐकणाऱ्याच्या कानाला हा थांबा ओळखीचा. स्टीफन्सने ख्रिस्ताच्या मरणासाठी वेगळा सूर शोधला नाही. जो सूर कानात होता तोच घेतला. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, येशूला स्वामी.

उत्तरेला वसई-मुंबईकडेही असंच घडलं. फ्रान्सिस्कु व्हाज द गिमराईश या फ्रान्सिस्कन पाद्र्याने तिकडच्या मराठी बोलीत ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं आणि मरणाचं पुराण रचलं. ते 1659 साली लिस्बनला छापलं गेलं. वसई आणि साष्टीतली जुनी ख्रिस्ती कुटुंबं उपवासकाळात हे पुराण घराघरांत गात असत, 19व्या शतकात मुंबईत त्याच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. गोव्यात ओवी इगर्जीत वाचली गेली, तिकडे ती घरात गायली गेली. माझ्या मते याच फरकामुळे तिकडे मराठी टिकली. वसईत आजही मिस्सा, प्रार्थना, भक्तिगीतं मराठीत आहेत.

गोव्यात मात्र चक्र उलटं फिरलं. 1684च्या जूनमध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावं. लोक काही तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागले नाहीत, पण देशी भाषांतल्या ग्रंथांचा आधार गेला. 1654 नंतर क्रिस्तपुराण गोव्यात छापलं गेलं नाही. 1754 साली तर छापखानेच बंद करण्याचा हुकूम आला, आणि पुढचा छापखाना गोव्याने पाहिला तो 1821 साली. तीन छापील आवृत्त्यांपैकी एकाही प्रतीचा आज पत्ता नाही. ग्रंथ वाचला तो हातांनी उतरवलेल्या प्रतींमुळे, आणि त्यातल्या बऱ्याच प्रती गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांच्या घरी होत्या. 1784 साली टिपू सुलतानाने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेलं, तेव्हा कैदेतल्या लोकांनी याच ओव्या म्हणून धीर धरला असं तिकडे सांगतात. ही आठवण आहे, दफ्तरी नोंद नव्हे. पण दुःखसहनाची ओवी कैदेत आठवावी, यात मला काही अशक्य वाटत नाही.

आता पुतळ्याकडे वळू. मराठी ओवी इगर्जीतून मागे सरली, आणि उपवासकाळाच्या, म्हणजे कोरेज्माच्या, रविवार संध्याकाळी 'पास' बघायला लोक जमू लागले असं सरळ रेषेत सांगता येणार नाही. दोन्ही प्रथा काही काळ बरोबरच चालल्या असणार. पोर्तुगालमध्ये क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताची, सेंयोर दुश पासुशची, मिरवणूक 16व्या शतकाच्या शेवटी लिस्बनच्या ग्रासा मठातून सुरू झाली आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांमार्फत पसरली. जुन्या गोव्यातल्या टेकडीवर त्यांचा त्याच नावाचा मोठा मठ होता. आज जो एकटा उंच मनोरा उभा दिसतो, तो त्याचाच.

पासची रचना ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेदीवर किंवा वेदीच्या बाजूला जांभळा पडदा ओढलेला असतो. पाद्री सेर्मांव सांगतो, म्हणजे प्रवचन, आणि त्या दिवशीच्या प्रसंगावर येतो. कधी बागेतली प्रार्थना, कधी फटके, कधी काट्यांचा मुकुट घातलेला ख्रिस्त लोकांपुढे उभा केलेला, कधी क्रूस खांद्यावर. प्रवचन टिपेला पोहोचलं की पडदा सरकतो. मागे मेणबत्त्यांच्या उजेडात माणसाच्या उंचीचा पुतळा, खरे केस, मखमली झगा. मग मोतेत सुरू होतात, लॅटिन शब्द आणि गोव्याच्या मेस्तांनी बांधलेल्या चाली, अनेक आवाजांत, सोबतीला रेबेक, क्लारिनेट आणि जाड आवाजाचा रेबेकांव. इगर्जीला जोडलेल्या शाळांत मेस्त गावच्या पोरांना स्वरलिपी शिकवत, त्या शाळांतूनच हे गाणं आलं. गोव्यातून मुंबईला गेलेले कित्येक वादक पहिल्यांदा बसले ते याच मोतेतांना.

मग पुर्सांव निघते. क्रूस वाहणारा ख्रिस्त एका बाजूने, दुःखी माता दुसऱ्या बाजूने, आणि वाटेवर दोघांची भेट. हे सगळं पुतळ्यांनीच. फक्त एक जिवंत पात्र असतं : वेरोनिका. काळ्या कपड्यातली मुलगी उंचावर उभी राहते, हातातलं कापड हळूहळू उलगडते आणि विलापगीतांतला वाटसरूंना थांबवणारा श्लोक लॅटिनमध्ये गाते. कापडावर ख्रिस्ताचा चेहरा असतो. म्हणजे ही एकमेव जिवंत नटीसुद्धा आपल्याला दाखवते ती एक चित्रच! गावात वेरोनिका कोण होणार यावर पूर्वी घराघरांत चर्चा होई.

शुभ शुक्रवारी कळस. घंटा गप्प असतात, त्यांच्या जागी मात्राक हे लाकडी वाद्य कडकड वाजतं. क्रुसावरच्या ख्रिस्ताचे हात खांद्यात फिरणारे असतात. प्रवचन चालू असताना एकेक खिळा काढतात, मुकुट काढतात, पांढऱ्या कापडाच्या झोळीने देह खाली उतरवतात, हात अंगाशी मिटतात. सांध्यावर बहुधा कातडं असतं आणि त्यावर रंग, त्यामुळे मेणबत्तीच्या उजेडात लाकूड दिसतच नाही. मग तो देह तिरडीवर ठेवून आईच्या पुतळ्यासह मिरवणूक. ईस्टर पौर्णिमेच्या हिशोबाने येत असल्यामुळे शुभ शुक्रवार नेहमी पौर्णिमेच्या आसपास पडतो. बहुतेक वर्षी ती आपली चैत्री पौर्णिमा. जुन्या काळी विजेशिवाय निघणाऱ्या त्या मिरवणुकीला चांदणं मिळत असणार, जसं आमच्या काल्यांना मिळे.

पडद्यामागची चित्रं आणि पुढे बोलणारा माणूस, हे आपल्याला परकं आहे का? मोप्यापासून फार लांब नसलेल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चित्रकथी करतात. एकेक चित्र समोर धरायचं आणि त्याची कथा गायची. त्यांच्याकडेच कळसूत्री बाहुल्याही आहेत. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं मी म्हणत नाही. पण पासला जमलेला 17व्या शतकातला माणूस 'चित्र बघायचं आणि कथा ऐकायची' हे शिकूनच आलेला होता, एवढं म्हणता येईल.

मग माणसांनी नाटक का केलं नाही? येशूसंघाला नाटकाचं वावडं नव्हतं. इग्नेशियस आणि फ्रान्सिस झेवियर यांना 1622 साली संतपद मिळालं, त्याचा उत्सव गोव्यात 1624च्या सुरुवातीला झाला. त्या वेळी गोव्यात असलेल्या पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने झेवियरच्या जीवनावरच्या, कित्येक दिवस चाललेल्या भव्य नाटकाचं वर्णन लिहून ठेवलंय. म्हणजे संत माणसाने साकारला तर चाले. ख्रिस्ताच्या मरणाला मात्र पुतळाच बरा वाटला. मला यामागे दोन कारणं दिसतात. पहिलं, नव्याने ख्रिस्ती झालेला माणूस देवाचं सोंग घेऊन नाचू लागला तर तो पुन्हा काल्याकडे, जागराकडे वळतोय अशी भीती. धर्मसभेच्या न्यायासनाने 1736 साली काढलेल्या जाहीरनाम्यात लग्नातल्या ओव्यांवरही बंदी आहे, तिथे देवाचं सोंग कोण खपवून घेणार? दुसरं कारण मानाचं. पुतळा कोणी उचलायचा, कोणत्या रंगाचा ओपमूर्स (खांद्यावरची झूल) कोणी घालायचा, तिरडीचा पुढचा दांडा कोणाचा, हे गावकारी आणि जातीवर ठरलेलं. कित्येक गावांत त्यावरून भांडणं झाली, कोर्टापर्यंत गेली. पालखीच्या मानावरून देवळं बंद पडलेली पाहिलेल्या पेडणेकरांना हे समजावून सांगायला नको. पुतळा असला की खांदे वाटता येतात. नाटकात ख्रिस्त एकच असतो, आणि तो कोणाच्या घरातला, हा प्रश्न कुठल्याच कोंफ्रादला सोडवता आला नसता.

माणसांचं सोंग मग कोरेज्माच्या दोन्ही काठांवर गेलं. राखेच्या बुधवारापूर्वी इंत्रुज, त्यात सासष्टीचे खेळ. आणि कोरेज्म संपल्यावर तियात्र. पहिलं तियात्र 'इटालियन भुर्गो' मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात 17 एप्रिल 1892 रोजी झालं. तो दिवस ईस्टरचा रविवार होता. ईस्टरला नवं तियात्र लावायचं ही चाल आजही आहे. मधले चाळीस दिवस लाकडाचे.

आता दिवाडी बेटावरचा एक मुलगा. जाकोमे गोन्साल्व्हिस, जन्म 1676. गोव्यातल्या देशी पाद्र्यांच्या ओरॅटरी संघात तो शिरला आणि 1705 साली सिलोनला पोहोचला. तिथे डचांचं राज्य होतं, कॅथलिकांवर बंदी होती. त्याच्या आधी बाणावलीत जन्मलेले जुझे व्हाज तिथे लपूनछपून काम करत होते, ते 2015 साली संत झाले. गोन्साल्व्हिस सिंहली शिकला, तमिळ शिकला आणि दोन्हींत लिहीत सुटला. त्याच्या एका ग्रंथाच्या नावातच 'पुराणय' आहे. दुःखसहनावरचा त्याचा सिंहली ग्रंथ 'दुक्प्राप्ति प्रसंगय' 1728चा, नऊ प्रवचनांचा. त्याच्याच परंपरेतली विलापगीतं तिथल्या कोळ्यांच्या गावांत उपवासकाळात 'पसान' म्हणून गायली जातात. 1742 साली तो तिथेच वारला.

श्रीलंकेत पुढे 'पास्कु' नावाचा प्रकार झाला. एदिरिवीर सरच्चंद्र यांनी 1952च्या आपल्या लोकनाट्यावरच्या ग्रंथात त्याची नोंद घेतली आहे : पडदा, मागे हलवता येणारे पुतळे, पुढे वाचली-गायली जाणारी हकीकत. ओळखीचं वाटतं ना? नेगोम्बोजवळच्या दूवा या बेटावर हा खेळ आधी पुतळ्यांचाच होता, 20व्या शतकात तिथे पुतळ्यांच्या जागी गावची माणसं उभी राहिली. बोरलेस्स गावात के. लॉरेन्स परेरा यांनी 1923 साली ओबेरामरगावच्या धर्तीवर माणसांचं मोठं नाटक बसवलं. गोव्याच्या पाद्र्याने नेलेल्या पडदा-पुतळा-प्रवचन या साच्यातूनच दूवाचं नाटक वाढलं, असं मी मानतो. ज्या मुलाने दिवाडीत पास पाहिला असणार, पुराण ऐकलं असणार, त्याने तिकडे दुसरं काय नेलं असतं? तिकडे पाद्री लपून फिरत होते, श्रीमंत कोंफ्राद नव्हते, मानाचे दांडे नव्हते. खेळ कोळ्यांचाच होता. त्यांना पुतळा बाजूला ठेवणं सोपं गेलं असावं.

गोव्यातही 1960च्या दशकात व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मसभेनंतर उपासना लॅटिनमधून कोंकणीत आली. जिवंत क्रूसवाट, म्हणजे तरुण पोरांनी वेष घालून टेकडीवर चौदा ठिकाणी प्रसंग उभे करणं, हे अलीकडचं. ते चांगलं होतं की नाही, हे दिग्दर्शकावर अवलंबून. पण कोणी 'शतकानुशतकांची परंपरा' म्हणून त्याची जाहिरात केली, तर वारसाप्रेमींनी जरा थांबून विचारावं.

मराठी ओवी मात्र परत आली, फक्त इगर्जीत नव्हे, पुस्तकात. 1907 साली जोसेफ सालडाणा यांनी मंगळूरहून रोमन लिपीत आवृत्ती काढली. 1920च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनमधल्या मार्सडन संग्रहातल्या देवनागरी हस्तलिखिताकडे लक्ष वेधलं. 1956 साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून आली, 1996 साली कारिदाद द्रागो यांची, 2009 साली वसईचे नेल्सन फलकाव यांची, आजच्या मराठी गद्य रूपांतरासह.

ज्यांना प्रत्यक्ष पाहायचं आहे त्यांच्यासाठी : राखेचा बुधवार झाला की तिसवाडी, बारदेस, सासष्टीतल्या कुठल्याही जुन्या इगर्जीत पासचा रविवार विचारून घ्या, प्रत्येक गावचा वेगळा असतो. कोरेज्माच्या पाचव्या रविवारानंतरच्या सोमवारी गोंय वेल्ह्याच्या सांत आंद्रे इगर्जीतून संतांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. ती दुःखसहनाची नव्हे, पण पुतळे खांद्यावर कसे चालतात ते तिथे जवळून दिसतं. मोप्याच्या विमानतळावर इंत्रुजासाठी उतरणारी गर्दी बुधवारपर्यंत परतलेली असते, त्यामुळे जागा मिळते. मोबाइलचा दिवा लावू नका. पडदा सरकतो तो क्षण मेणबत्तीच्याच उजेडात बघायचा असतो. आणि क्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत हाती आली तर दुसऱ्या पुराणातला बागेचा प्रसंग मोठ्याने वाचा, चौथ्या चरणावर थांबत. आमच्या मंडळात तो वाचला तेव्हा काल्यात हार्मोनियम धरणारे एक गृहस्थ दुसऱ्याच ओवीला मांडीवर ठेका धरू लागले. पुढचा अर्धा तास कोणी शब्दांचा अर्थ विचारला नाही.